वाचनवाल्या आत्याचा दिवा

आमच्या गावात आत्याला तिच्या नावाने कोणी हाक मारत नसे. ती वाचनवाली आत्या. पावसाळ्यात वर्षावास लागला की विहारात रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन व्हायचं आणि ते तीच करायची. माइक तिने कधी लावू दिला नाही. "माइकनं शब्द फुगते," म्हणायची. मागच्या बाईला ऐकू आलं नाही तर त्या बाईने पुढे येऊन बसावं. आत्या आवाज चढवत नसे.

दुसरी खोड म्हणजे वस्तू वापरून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही. चप्पल घ्यायला गेली तर नवी घालून बाजाराला चक्कर मारून यायची, आणि दुकानदार बिचारा तिची जुनी जोडी राखत बसायचा. गेल्या वर्षी वाचनासाठी दिवा घ्यायला ती माझ्याबरोबर मेहकरला आली, तेव्हा पिशवीत ग्रंथ होता. स्टँडपासून तिने माझा दंड धरून ठेवला. गर्दी होती, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुकान ओळखीच्या चाचांचं. आत्याने त्यांना शटर अर्धं खाली ओढायला लावलं. "उन्हात सारेच दिवे चांगले वाटते," ती म्हणाली. मग एकेक दिवा लावायचा, खाली ग्रंथ धरून चार ओळी वाचायच्या आणि दिवा नापास करायचा. एकाची मान ताठ, एकाचं बूड हलकं, एक लगेच तापतो. चार्जिंगचा तर तिने हातातच घेतला नाही. "चार्ज कराचं ध्यानात कोण ठेवीन?"

शेवटी चाचांनी एलईडीचा पांढरा दिवा काढला. "माय, हा घ्या. वीज एकदम कमी खाते, उजेड भरपूर." आत्या वाचू लागली. वाचता वाचता लाईट गेली. आत्या वाचतच राहिली. परिच्छेद संपवून तिने पान उलटलं आणि म्हणाली, "हा बरा हाय. एवढा उजेड पुरे."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांनी दिवा खोक्यात घालून दिला.

एसटीत बसल्यावर तिनेच विचारलं, "लाईट गेल्ती ना रे?"

"हाव."

"तू अन् चाचा एकदम चूप झाले, तवाच समजलं मले." तिने पिशवीतला ग्रंथ चाचपला. "काचबिंदू हाय. गेलेली नजर वापस येत नाई म्हणे. ग्रंथ सारा पाठ हाय, बापू. पण दिसत नाई म्हटलं तर लोक म्हणतीन, बुढीले घरी बसवा. एवढा वर्षावास होऊ दे. कोणाले सांगू नको."

"मंग दिवा काऊन घेतला?"

"बायायले वाचन ऐकाचं रायते. पाठ म्हटलेलं नाई."

तेव्हापासून मी विहारात तिच्या शेजारी बसू लागलो. लाईट गेली की तिच्या गुडघ्याला हात लावायचा. ती थांबायची, "येऊ द्या लाईट," म्हणायची. आली की पुन्हा हात. पोराला वाचनाची गोडी लागली, असं लोक कौतुकाने म्हणायचे आणि आत्या गालातल्या गालात हसायची.

आश्विन पौर्णिमेला ग्रंथ संपला. शेवटच्या ओळीपर्यंत तिनेच वाचला. हिवाळ्यात एका सकाळी ती उठलीच नाही. मला रडू आलं नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी लोकांना पाणी दिलं, चहा दिला, आणलेल्या खुर्च्या परत नेऊन दिल्या. आतून सगळं बधिर होतं. अजूनही तसंच आहे.

यंदा वाचन माझ्याकडे आलं. दिवा तोच आहे, उजेड चांगला पडतो. परवा अर्ध्या पानावर लाईट गेली. मी थांबलो आणि माझा हात सवयीने शेजारी गेला. तिथे सतरंजी होती. लाईट येईपर्यंत मी हात तिथेच राहू दिला.