चाळीस गुरुवार

माझी धाकटी बहीण यमुना बारामतीतल्या ज्या खासगी दवाखान्यात अकरा वर्षं सिस्टर होती, त्या दवाखान्यानं तिला चाळीस सुट्ट्यांना फसवलं. त्या सौद्यात तिच्या बाजूनं बोलायला मी बसलो होतो, त्यामुळे थोडं मीही फसवलं. हे आधीच सांगून टाकतो. ती गेल्यावर भेटायला आलेला प्रत्येक जण "फार कष्टाळू होती" एवढंच म्हणाला आणि चहा पिऊन उठला.

ती काविळीनं गेली, नऊ दिवसांत. निरोप आला तेव्हा मी इंदापूरच्या बाजारात होतो. एसटीडी बूथवाल्यानं हाक मारली, फोन ऐकला, परत आलो आणि अर्ध्यावर राहिलेला बोकडाचा सौदा पुरा केला. गिऱ्हाइकाला नंतर कळलं तेव्हा तो खजील झाला. मला त्या वेळी दुसरं काही सुचलंच नाही... हात सवयीनं चालतात.

तिच्या मरणाचं खापर मी कुणाच्या डोक्यावर फोडत नाही. दवाखान्यात राबणाऱ्याला दवाखान्यातलं दुखणं कधीतरी लागतं, हे तीच सांगायची. माझी तक्रार त्याच्या आधीची आहे आणि चाळीस गुरुवारांपुरतीच आहे.

आमचा बाप पळसदेवच्या बाजूला मेंढरं राखायचा. मी तीन शेळ्यांवर व्यापार सुरू केला आणि बारामतीत घर बांधलं. यमुनाचा नवरा लग्नानंतर दहाव्या वर्षी गेला. पदरात आठ वर्षांची संगीता. पोरीला आमच्या आईजवळ पळसदेवला ठेवून ती माझ्याकडे आली, दवाखान्यात आधी फरशी पुसायला लागली, मग पेशंटचं करायला, आणि बघता बघता शीर सापडत नसली की डॉक्टर तिलाच हाक मारू लागले. ड्यूटी सकाळी आठ ते रात्री आठ. पोरीच्या शिक्षणासाठी तिनं दुसरं कामही धरलं. काटेवाडीच्या एका बागाईतदाराची म्हातारी आई, जिजी, कंबरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती. पहाटे दूध आणायला निघणाऱ्या टेंपोत बसून यमुना तिकडे जायची, जिजीला कूस पालटून, धुऊन-पुसून, पाठीच्या जखमा बांधून सव्वासातला परत. एकदा मी तिच्याबरोबर गेलो होतो. जिजी म्हणाली, "यमे, तुझं हात लई गार हाईत गं." यमुना म्हणाली, "मग तुमच्या आधी मीच ऊन पाण्यात बसू व्हय, जिजी?" म्हातारी हसता हसता कळवळली, आणि तेवढ्यात हिनं जखमेची पट्टी ओढून काढलीसुद्धा.

तिथून ती माझ्या घरी यायची. सोप्यातल्या भिंतीला टेकून बसायची, चपला दारात, हातातली पिशवी मांडीवर. माझी बायको चहाचा कप समोर ठेवायची. यमुना म्हणायची, "वैनी, साय धरली की उठीव." चहावर साय धरेपर्यंत ती झोपायची. मग सायीसकट तो गार चहा एका घोटात पिऊन ड्यूटीला निघायची. हे वर्षानुवर्षं चाललं.

संगीता बारावी झाली आणि वालचंदनगरला तिचं लग्न झालं. जावई कंपनीत, राहायला क्वार्टर. लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात यमुना म्हणाली, "दादा, पोरीचं पहिलं बाळंतपण माझ्या हातनं हुयाला पायजे. सव्वा महिना मी तिच्यापाशी राहणार. तिला गोवर आला तवा मी दुसऱ्याच्या पोराला सलाईन लावत हुते."

दवाखाना सव्वा महिना सोडणार नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणून मी गेलो. दवाखान्याच्या मालक डॉक्टरांच्या केबिनमध्ये खुर्चीवर बसलो, खांद्यावर टॉवेल. ते पंधरा दिवसांच्या वर यायला तयार नव्हते. मी म्हणालो, "तिची आठवड्याची सुट्टी गुरुवारची. चाळीस आठवडे ती एकबी सुट्टी घेणार न्हाय. तुमी तिला चाळीस दिवस सलग द्या. तुमचं काय जातंय?" डॉक्टर हसले. म्हणाले, "तुम्ही माणसांचाही बाजार करता की." पण त्यांना ते पटलं. मी सवयीनं टॉवेल पुढं केला. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, टॉवेलाखाली समोरच्याची बोटं दाबून ठरवतात. डॉक्टरांनी गंमत म्हणून हात घातला. मी चार बोटं दाबली. "चाळीस," मी म्हणालो. "चाळीस," ते म्हणाले.

बाहेर यमुना उभी होती. "लिहून घेतलंस का?"

"हात घेतलाय."

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "बरं."

तीस वर्षांच्या व्यापारात टॉवेलाखालची बोली फिरवलेला माणूस मी पाहिलेला नाही. एखाद्यानं फिरवली तर पुढच्या बाजारी त्याच्याशी कुणी उभं राहत नाही. डॉक्टरांना कुठल्या बाजारात उभं राहायचं होतं? हा विचार मी केला नाही. शेळीचे दात बघून वय सांगणारा माणूस मी, तिथं बघायचं राहून गेलं.

चाळीस गुरुवार ती कामावर गेली. गुरुवारी बारामतीचा बाजार, त्यामुळे दर गुरुवारी माझी जनावरं दवाखान्याच्या फाटकावरून जायची आणि बायकोनं दिलेली भाकरी मी फाटकात तिच्या हातात द्यायचो. ती पांढऱ्या साडीत बाहेर यायची. मी डिवचायचो, "आज सुट्टी न्हाय का, सिस्टर?"

"हाय की. सुट्टीवरच आलेय."

कारण भिंतीवरच्या ड्यूटी चार्टवर गुरुवारी तिच्या नावापुढे 'सु' लिहिलेलंच असायचं. तपासणीला कुणी आलं तर दाखवायला, असं मेट्रननं तिला सांगितलं होतं. मला हे माहीत होतं. मी म्हणालो होतो, दाखवू दे, आपली बोली झालीय.

त्या दिवसांत मी एकदा चिडून विचारलं, "आठवड्याला तास किती भरत्यात गं तुझं?"

"चार्टवर अठ्ठेचाळीस."

"आन खरं?"

"आठवड्याचं समदं तास एकशे अडुसष्ट. त्यातलं चौऱ्याऐंशी दवाखान्याचं. अर्धलीनं दिल्याली शेळी हाय मी, दादा."

अर्धली म्हणजे शेळी एकाची, सांभाळायची दुसऱ्यानं आणि करडं निम्मी-निम्मी. माझी बायको आतून म्हणाली, "अर्धलीत करडू तरी मिळतंय." यमुना म्हणाली, "मिळंल की. चाळीस दिसांचं."

संगीता नवव्या महिन्यात माझ्या घरी आली. यमुना सुट्टी मागायला गेली, बरोबर मी आणि जावई. डॉक्टरांनी चार्टचे कागद टेबलावर ठेवले. "सुट्ट्या तर त्यांनी दर गुरुवारी घेतल्यात. हे बघा. फार तर चार दिवस देतो." जावई वाकून एकेक कागद वाचत होता. मी उठलो. माझा आवाज मोठा आहे, त्या दिवशी तो पार वॉर्डापर्यंत गेला. मी डॉक्टरांना नको ते बोललो, पण आमची बोली काय होती हे जावयाला सांगायचं त्यात राहूनच गेलं. यमुनानं माझं कोपर धरलं आणि एवढंच म्हणाली, "दादा, पेशंट हायती."

बाहेर आणून तिनं माझ्याकडून शपथ घेतली, की हा विषय पुन्हा काढायचा नाही, संगीतापाशीसुद्धा नाही. मी म्हणालो, का? ती म्हणाली, "माझं काम जाईल. आन तुझा हात खोटा पडला हे बाजारात कशाला?"

जावयानं जे कागदावर वाचलं ते आपल्या बायकोला सांगितलं. संगीतानं आईला विचारलं, "तू दर गुरुवारी सुट्टी घेत हुतीस? मग एक गुरुवार माझ्याकडं का न्हाय आलीस?" यमुना म्हणाली, "आसंल बाळा. ध्यानात न्हाय राहिलं." सासरची माणसं संगीताला वालचंदनगरला घेऊन गेली आणि बाळंतपण तिच्या सासूनं केलं. बारशाला यमुना अर्ध्या दिवसाची ड्यूटी बदलून, त्याच पांढऱ्या साडीत आली. नातू मांडीवर घेतला आणि भिंतीला टेकून झोपली. बायका हसल्या. संगीतानं येऊन बाळ उचलून घेतलं, हसली मात्र नाही. मला तेव्हा बोलायला हवं होतं. मी शपथेला धरून गप्प बसलो आणि लाडू खाल्ला.

तेराव्यानंतर मी संगीताला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, तुमचं समदं तोंडी. तितं कागद हुता."

माझ्या सोप्यातल्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, तेलाचा एक डाग आहे. अकरा वर्षं ती तिथं डोकं टेकत होती. दर दिवाळीला चुना दिला तरी तो महिनाभरात वर यायचा. यंदा बायकोनं चुना भिजवला आणि ती भिंत सोडून बाकीच्या घराला दिला. सकाळी सव्वासातला चहा होतो तेव्हा ती अजून एक कप जास्तीचा ओतते, चुकून. त्यावर साय धरते, मग तो मीच पितो.

डॉक्टरांकडे माझं एकच मागणं आहे. माझ्याशी बोलू नका, माझ्या तोंडाला मी जामीन नाही. वालचंदनगरला जा. क्वार्टरमध्ये माझी भाची असते, तिच्या समोर बसा आणि त्या चाळीस गुरुवारी तिची आई कुठं होती, हे तिला तुमच्या तोंडानं सांगा. ती आता कागद मागते. तर लिहूनही द्या.