दोन वॉर्डांच्या एकट्या सिस्टर

अख्ख्या मराठवाड्याला पेशंटची कूस बदलायला शिकवणाऱ्या आमच्या सिस्टरांवर अन्याय झाला तो यंदाच्या पोळ्याला, दुपारी, ऐन जेवणाच्या वेळी. त्या वेळी त्यांच्याकडं वॉर्ड दोन होते आणि त्या एकट्या. हे आधीच सांगतो, कारण चौकशीत नेमकं हेच कुणी बोललं नाही.

बिडकीनच्या माझ्या मामांना लकवा मारला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली, तेव्हा शहरातल्या दवाखान्यात या बाई भेटल्या. भेटायला येणारा प्रत्येक माणूस हा त्यांच्या लेखी बिनपगारी नोकर. केळी घेऊन आलेल्या पाचोडच्या एका पुढाऱ्याला त्यांनी फेटा उतरवून भलत्याच आजोबांना कुशीवर वळवायला लावलं. "बघता काय? लग्नाला आलात का?" मी नर्सांच्या रिकाम्या जागांबद्दलची पत्रकं घेऊन गेलो, तर न वाचताच माझ्या हाती चादरीचं टोक आलं. "क्रांती मागून कर राजा, आधी धर." त्यांचं जेवण उभ्यानं, चहा कायम गार, कंबरदुखीचा पट्टा सदा बांधलेला. तरी पेशंटशी कुणी ओरडून बोललं की फणकारायच्या, "हात गेलाय त्यांचा, कान नाय!"

मामांना नीट गिळता येत नव्हतं. सिस्टर शेजारी बसून चमच्याचमच्यानं दाट पेज भरवायच्या आणि प्रत्येक घोटानंतर त्यांना बोलतं करायला बघायच्या. एक दिवस मामांच्या तोंडून पहिला शब्द निघाला. बैलाला हासडायची सणसणीत शिवी! मामीनं लाजून पदर तोंडाला लावला. सिस्टर मात्र वॉर्डभर सांगत सुटल्या, "शिवी आली! आता भाषा बी येती बघा!" मग तो रिवाजच पडला. घोट उतरला की मामांनी शिवी द्यायची, सिस्टरांनी म्हणायचं, "शाब्बास, मामा!"

पोळ्याला मामीनं पुरणपोळी दुधात कुस्करून आणली. घरी बैल गोडाधोडाचं जेवणार आणि धनी उपाशी? विचारायला सिस्टर जागेवर नव्हत्या. शेजारच्या वॉर्डाच्या सिस्टरची जागा रिकामीच, म्हणून त्या तिकडं सलाईन लावत होत्या. मामीनं मायेनं भरवलं आणि घास श्वासनलिकेत गेला. सिस्टर धावत आल्या, नळीनं घसा मोकळा केला. मामा वाचले, पण न्यूमोनियानं लई दिवस तापले.

नोटीस आली ती सिस्टरांना. पेशंटकडं दुर्लक्ष केलं म्हणे! मामी दवाखान्याच्या साहेबांपुढं हात जोडून म्हणाली, "चूक माझी हाय साहेब, त्या बाईला काहून बोलता?" ऐकतं कोण? बदली झाली, औषधांच्या गोदामात.

मी संतापून बोलत होतो. त्या म्हणाल्या, "जाऊ दे रे. दमले मी. तिथं बसायला खुर्ची तरी मिळंल." दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "मामांची कूस बदल. वेळ झाली."

मामा आता पुन्हा पेज घेतात. घोट उतरला की दाराकडं बघत शिवी देतात आणि वाट बघतात. नवी सिस्टर, पोरगीच ती, शिवी ऐकून खाली मान घालते आणि दुसऱ्या वॉर्डाकडं पळते. शाब्बास म्हणायचं असतं, हे तिला सांगायचं कुणी आणि ती ऐकणार कधी?

तुमचं कुणी त्या खाटांवर असो वा नसो, दुपारी जेवणाच्या वेळी जवळच्या दवाखान्यात जा. चादरीचं टोक हाती आलं तर धरा. आणि मग तसेच साहेबांच्या दारात उभे राहा, उत्तर मिळाल्याशिवाय हलू नका. विचारा, दुसऱ्या वॉर्डाची सिस्टर कुठंय?