गरम चोकचा वास

दिव्याला जोडलेला चोक तापला की त्याच्या वार्निशचा जळकट वास येतो आणि मला विद्यानगरातली ती संध्याकाळ आठवते. तेव्हा घरोघरी केबल टीव्ही येत होता, आणि मी व शेजारचा मित्र मात्र रस्त्यावरच्या जुन्या मर्क्युरी दिव्यांच्या नादी लागलो होतो. ज्या चोकसाठी मी महिनाभर बेगम बाजार पालथा घातला, तो त्याला एका फेरीत मिळाला. त्याने गच्चीवर सगळी गल्ली जमवली. दिवा आधी जांभळट, मग हळूहळू निळसर पांढरा झाला, चोक गुणगुणू लागला, आणि माझी बायकोसुद्धा "काय सुंदर दिसतंय हो" म्हणाली. तेवढ्यात करंट क्षणभर जाऊन आला. दिवा विझला तो पुन्हा लागेचना. मित्राने माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुम्हाला यातलं कळतं. चोक गया काय?" तापलेला मर्क्युरी दिवा निवल्याशिवाय लागत नाही, दहा मिनिटं थांबलं की आपोआप लागतो, हे मला ठाऊक होतं. "गेला," मी म्हणालो. त्याने तिथल्या तिथे बटण बंद केलं, चोक काढला आणि माझ्या हातात ठेवला. "तुम्हीच न्या. आतली तार तरी कामी येईल." तो चोक आजही माझ्या गच्चीवर गुणगुणतो. मित्र येणार असला की मी दिवा लावत नाही.