दाबू नको, सरकव

वरवंटा त्याच्या डाव्या हातात होता. उजवा हात त्याने पाट्यावर पालथा ठेवला होता, वाटायला मिरच्या ठेवाव्यात तसा. मी हौदावरून पाणी घेऊन आले आणि अंगणाच्या दारातूनच पाहिलं. ओरडायला तोंड उघडेपर्यंत वरवंटा खाली आला होता.

तो माझा मुलगा गोंदू. आठ वर्षांचा. रडला नाही. बोटांकडे बघून म्हणाला, "आता उद्या लिहायला नको ना, आई?"

कळशी अजून माझ्या कमरेवरच होती. माझ्या मागून एक बाई अंगणात आली, डोक्यावरचं कागदांचं गाठोडं तिने पायरीवर उतरवलं आणि गोंदूसमोर बसून म्हणाली, "हात दाखव."

हे ती सगळ्यांनाच म्हणायची. कसबा पेठेत कागदीपुऱ्यात कागद करणारी मुसलमान घरं आहेत, त्यांतली ती. नवरा गेल्यावर दिरांनी केलेला कागद दगडाने घोटून गुळगुळीत करायचा आणि कारकुनांच्या घरोघर नेऊन द्यायचा, हे तिचं काम. तुम्ही तिला पेठांतून फिरताना पाहिलं असेल. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, आधी "हात दाखवा." मग बोटं चाचपून सांगायची, "तुमचा हात जड आहे, तुम्हाला हा पातळ कागद चालायचा नाही." एरवी कुणासाठी मान वर न करणारे कारकून तिच्यापुढे हात पसरून उभे राहायचे. तिचे स्वतःचे तळवे घोटून घोटून चकचकीत झाले होते. "माझ्या हातावर रेषाच उरल्या नाहीत," म्हणायची. "जोशीबुवा भविष्य सांगायला बसले आणि तसेच उठले."

गोंदूची दोन बोटं ठेचली होती. तिने मला विचारलं, "भाताची पेज आहे?" मी आणून दिली. तिने एक बिघडलेला कागद फाडून पट्ट्या केल्या, पेजेत भिजवल्या, गोंदूचाच मोडका बोरू उभा चिरून बोटांना आधार दिला आणि वरून पट्ट्या गुंडाळल्या. वाळल्यावर ते लाकडासारखं घट्ट झालं. वैद्यबुवांनी संध्याकाळी पाहिलं आणि विचारलं, "छान बांधलंय. कुणी?"

"शेजारणीने," मी म्हटलं. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

आता गोंदूने असं का केलं ते सांगते. गोंदूचे वडील एका सरदारांच्या दफ्तरात कारकून होते. स्वारीबरोबर गेले आणि तिकडेच तापाने गेले. दफ्तराच्या मुख्य कारकुनांनी माझ्या दिरांना सांगितलं, "येत्या दसऱ्याला मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक पत्र आणून दाखवा. अक्षर वाचता आलं तर उमेदवार म्हणून बसवू, पुढे बापाची जागा त्याची. नाही आलं तर जागा दुसऱ्याला." दुसऱ्याला म्हणजे आम्ही पुण्यातून उठायचं आणि कोकणात माझ्या भावाच्या दारात जाऊन पडायचं. भावजयीने आधीच विचारून ठेवलं होतं, मुलगा गुरं राखतो का.

आणि गोंदूला लिहिता येत नव्हतं. वाचायचा चांगलं, पाढे तोंडपाठ. पण हातात बोरू दिला की कपाळाला घाम. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडायची, शाई फुटायची, बोरू मोडायचा. पंतोजींनी छड्या मारून पाहिल्या आणि मग घरी पाठवलं. "मुलगा शहाणा आहे," म्हणाले, "पण हाताला अक्कल नाही."

मग मी घेतला त्याला हाताखाली. माझं शिक्षण वडिलांनी धूळपाटीवर शिकवलं तेवढंच. लग्न झालं तिथे ते संपलं. पण अक्षर कसं वळतं ते मला माहीत होतं. रोज जेवणं झाली की त्याला पुढ्यात बसवायचं, त्याची मूठ माझ्या मुठीत धरायची आणि कित्ता गिरवायचा. शंभर वेळा. चुकलं की पुन्हा शंभर. दीर ओसरीवरून म्हणायचे, "वहिनी, घासा त्याला. घासल्याशिवाय उजळायचा नाही." मी घासत होते. तोही दमायचा, मीही दमायची. पहाटेपासूनचं दळणकांडण, पाणी, स्वयंपाक, आणि वर हे. रागाच्या भरात त्याचा कान किती वेळा पिळला ते सांगत नाही. आठ महिने हे चाललं. मग तो वरवंटा.

दुसऱ्या दिवशी ती कागदवाली बोटं बघायला आली. गोंदूचे लिहिलेले कागद मागून घेतले. सरळ बाजू तिने पाहिलीच नाही. वाचता कुठे येत होतं तिला? कागद उलटा केला आणि पाठीवरून अंगठा फिरवला.

"बाई, हे तर पाठीमागूनही लागतंय हाताला. आंधळ्यालाही वाचता येईल."

"दाबून लिहितो तो," मी म्हटलं.

"धूळपाटीवर अक्षर खणतात. कागदावर ठेवतात. हा कागदावर खणतोय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचा हात असतो का त्याच्या हातावर?"

"असतोच. नाहीतर शिकेल कसा?"

"मग लिहितं कोण?"

मला राग आला. म्हटलं, "तू कागद घोट. लिहिणं आम्हाला शिकवू नकोस."

"बरं," म्हणाली आणि गाठोडं उचलून गेली. त्या दुपारी मी जात्यावर बसले आणि खुंट्याभोवतीच्या माझ्या मुठीकडे पाहिलं. या मुठीत आठ महिने त्याची बोटं होती. बोरू मोडत होते ते माझ्या हाताने. शेवटी बोटंही.

तिसऱ्या दिवशी ती आली. मी बोलावलं नव्हतं, पण जा असंही म्हटलं नाही. अंगणाच्या पायरीवर फळी ठेवली, तिच्यावर कागद पसरला आणि गोंदूच्या डाव्या हातात घोटायचा दगड दिला. "या काठापासून त्या काठापर्यंत. मधे थांबायचं नाही. दाबू नको, सरकव."

महिनाभर हेच. आधी डाव्या हाताने, मग बोटं सुटल्यावर उजव्या. बोरूचं नाव नाही. दसरा जवळ येत चाललेला आणि माझा मुलगा कागद घोटत बसलेला. दीर म्हणाले, "वहिनी, याला कारकून करायचाय की कागदी?" पण एक दिसत होतं. घोटताना त्याच्या कपाळावर घाम नसायचा. दगड सर्रकन जायचा आणि हा जीभ बाहेर काढून बघत बसायचा, कागदात आपला चेहरा दिसतो का म्हणून.

एक लाजिरवाणी गोष्ट सांगायची राहिली. ती उठून गेली की मी पायरीवर पाणी शिंपडायची. तिच्या देखत नाही, एवढंच माझं शहाणपण. एकदा उठता उठता तिने स्वतःच्या लोटीतलं पाणी पायरीवर ओतलं आणि म्हणाली, "आज मीच टाकलं. तुमची कंबर दुखतेय ना?" टोमणा नव्हता. कंबर खरंच दुखत होती. त्यानंतर मी पाणी शिंपडलं नाही. पण तिला घरात ये म्हणाले असंही नाही. तेवढी मी बदलले नाही.

मग तिने गोंदूला बोरू धरायला लावला. मोडीत आधी डावीकडून उजवीकडे पूर्ण रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची. रेघ गोंदूने एका दमात ओढली, दगड सरकवावा तशी. पहिलं अक्षर आलं आणि तो अडखळला. माझा हात आपोआप पुढे गेला.

"बाई, हात."

मी मागे घेतला. पुन्हा गेला. पुन्हा "बाई, हात." तिसऱ्यांदा तिने माझ्यापुढे फळी सरकवली, वर कागद आणि दगड. "तुमचे हात इथे ठेवा. रिकामे राहिले की ते पोराकडे जातात."

तेव्हापासून दुपारी तो लिहायचा आणि मी कागद घोटायची. दीर चार दिवस बोलले नाहीत. शिजवलेली खळ लावलेला कागद हाताळायचा, तोही कागदीपुऱ्यातला, आणि तोही विधवेने! मी रोज संध्याकाळी डोक्यावरून पाणी घ्यायची आणि स्वयंपाकाला लागायची. ती गोंदूच्या बाजूला बसायची. तिला एकही अक्षर येत नव्हतं. ती फक्त त्याच्या खांद्याकडे बघायची. खांदा वर चढला की, "दाबू नको." खांदा उतरला की गप्प.

दसऱ्याला गोंदूने आठ ओळींचं पत्र लिहिलं. सकाळी बसला तो दुपारी उठला. दिरांनी ते दफ्तरात नेलं. मुख्य कारकुनांनी वाचलं, उलटून पाहिलं, म्हणाले, "अक्षराला रूप नाही. पण वाचता येतं. बसवा."

ती दुसऱ्या दिवशी आली तेव्हा मी तिला सांगितलं. आनंद वगैरे काही तिने दाखवला नाही. गोंदूला म्हणाली, "हात दाखव." बोटं चाचपली. दोन्ही थोडी वाकडी जुळली होती. "पातळ कागद चालेल आता याला," म्हणाली आणि गाठोडं उचललं. घोटायचा दगड पायरीवर राहिला होता. मी हाक मारली तर वळून म्हणाली, "राहू द्या. तुमच्या हातांना लागेल."

त्यानंतर चार वर्षं ती दर पंधरवड्याला येत होती. मग एका उन्हाळ्यात शहरात जरीमरी, पटकीची साथ, आली. नदीकाठच्या वस्तीत आधी, मग आमच्याकडे. गोंदू आणि दीर एकाच दिवशी आडवे झाले. मी दोघांच्या मधे बसून होते. कागदीपुऱ्यात कोण आजारी आहे हे विचारायला कुणाला पाठवणार? मनातही आलं नाही, हे खरं तेच सांगते. साथ ओसरल्यावर कागदाचं गाठोडं घेऊन तिचा दीर आला. कुणाचा हात न बघता कागद मोजू लागला. तेव्हा समजलं.

माझे दीर गेले. ती गेली. मी वाचले आणि गोंदू वाचला.