एका ओढ्यावरचे दोन तांडे

कळमनुरीच्या बाजारात पावशेर भेंडी घ्यायची म्हटली तरी पारुबाई विचारणार, "कोणाच्या मळ्यातली? पाणी विहिरीचं का कॅनॉलचं?" भेंडीवाला वैतागायचा. "अवो मावशी, खायची हाय का जनगणना करायची हाय?" तरी बाई हटायची नाही. साठी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, पण चौकशी तशीच. जित्याची खोड, दुसरं काय!

गेल्या दिवाळीच्या आसपास तिच्या बंजारा तांड्याकडे डांबरी रस्ता आला. काळाकुळकुळीत, कडेला पांढरे पट्टे मारलेला. आला आणि ओढ्याच्या अलीकडच्या काठावर थांबला. तांडा पलीकडच्या काठावर. लोकांनी नारळ फोडला, फोटो काढले, आणि चपला हातात घेऊन ओढ्यातून घरी गेले.

पारुबाई मात्र तिथेच उभी. तिने इंजिनिअरला गाठलं. "साहेब, रस्ता हितंच काहून थांबला?"

"मावशी, हा दिल्लीच्या योजनेतला रस्ता. लहान मोरी असती तर केली असती. एवढा मोठा पूल ह्यात बसत नाही. तो राज्यानं करायचा."

"म्हंजे रस्ता दिल्लीचा, पूल मुंबईचा. मंग ओढा कोणाचा?"

साहेब हसला आणि जीपमध्ये बसला.

तुम्ही म्हणाल, म्हातारीला पुलाची एवढी घाई कशाला? घाई नातीसाठी होती. पुजा तिसरीत. तांड्यावरची शाळा चौथीपर्यंत, पाचवी ओढा ओलांडून पुढच्या गावात. मागच्या पावसाळ्यात पाचवीतल्या तिन्ही पोरी घरी बसल्या, त्या बसल्याच. पुजाच्या बापाने, म्हणजे देविदासने, आईला सरळ सांगून टाकलं होतं, "याडी, पूल झाला तर पुजा पाचवीला जाईल. न्हाई तर न्हाई. लेकराला पुरात घालायला मी येडा न्हाई." आणि तो चुकीचं बोलत नव्हता, हीच तर तकलीफ.

हा देविदास आता तांड्याचा नायक. तीन वर्षांमागे त्याचा बाप गेला आणि पंचांनी त्याच्या डोक्याला पागोटं बांधलं. तांड्याला नाव असतं ते नायकाचंच. जुना गेला की नव्याचं. त्यामुळे पोरांनी फाट्यावरचा बोर्ड लगोलग रंगवला. रीतच ती. पारुबाईच्या सासऱ्याचं नाव पुसून तिच्या नवऱ्याचं लागलं, तेव्हा तिने स्वतः गूळ वाटला होता. ह्या खेपेला मात्र दोन दिवस ती पोराशी बोलली नाही. पोटच्या पोराचं नाव लागलं ह्याचा आनंद मानावा का ज्याचं पुसलं त्याच्यासाठी रडावं, हे तिला कळेना.

पुलाचा ठराव पारुबाईनेच मांडला होता. तेव्हा ती ग्रामपंचायतीत मेंबर होती. त्याला दोन वर्षं झाली. मग पूल अडला कुठे? तिने भाकरी-ठेचा फडक्यात बांधला आणि हिंगोलीची एसटी धरली.

नियोजनाच्या कार्यालयात निता मॅडम म्हणून एक तरुण बाई टेबलावर होती. पारुबाई समोर बसली ती जणू मुक्कामालाच. ठराव इथून कुठे जातो, मग कुठे, तिथे कोण वाचतं? निता मॅडमही खमकी. तिने कागदावर रेघा ओढून दाखवल्या. ग्रामसभा, पंचायत समिती, जिल्हा परिषद, मग इथे जिल्ह्याचा आराखडा, पुढे मुंबई. दिल्लीची कामं वेगळ्या वाटेने येतात.

"आराखडा म्हंजे?"

"वर्षभरात काय काय करायचं आणि कशाला किती लागतील, त्याची यादी."

"लग्नाची यादी असती तशी?"

"तशीच. फक्त रुसणारे पाहुणे जास्त." दोघी हसल्या. मग मॅडमने कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "हा बघा, सापडला तुमचा पूल. हिरासिंग नाईक तांडा. पण शेरा आहे. वस्तीपर्यंत रस्ता नाही, म्हणून आधी रस्ता, मग पूल."

"अवं बाई, रस्ता झाला की! नारळ फोडला आमी!"

निता मॅडमने दुसरी यादी उघडली. "त्या ओढ्यापर्यंत झालाय, बरोबर. पण तो देविदास नाईक तांड्याचा. सर्वेवाल्यांनी फाट्यावरचा बोर्ड पाहून नाव घेतलंय." ती दोन्ही याद्या आळीपाळीने पाहू लागली. "म्हणजे दिल्लीच्या यादीत एक तांडा, त्याला रस्ता आहे, पूल नाही. आपल्या यादीत दुसरा, त्याला पूल हवाय, रस्ता नाही. आजी, हा हिरासिंग नाईक तांडा नक्की कुठंय?"

जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या पारुबाईला पहिल्यांदाच कोणी उलटा प्रश्न विचारला होता.

आणि तिला ठरावाची ती ग्रामसभा आठवली. देविदास त्या दिवशी हळद घेऊन बाजारात गेला होता. ग्रामसेवकाने पेन उचलून विचारलं, "तांड्याचं नाव?" पारुबाई पटकन म्हणाली, "हिरासिंग नाईक तांडा. लिवा." समोर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं की नाव बदललंय. पण नायकाच्या विधवेला कोण टोकणार? बोर्डावरून पुसलं तर पुसलं, कागदावर तरी माणूस राहू दे, एवढंच तिच्या मनात होतं. अन् त्या एका नावापायी पूल दोन वर्षं ताटकळला होता. दोष द्यायला बाई दिल्ली-मुंबई धुंडाळत आली आणि चोर घरातच निघाला.

"एकच तांडा हाय तो," ती हळूच म्हणाली. "माझीच चूक झाली, बाई." मग जरा धीर करून, "दिल्लीच्या यादीतलं नाव बदला ना. हिरासिंग करा."

"होईल, पण तिकडं परत प्रस्ताव, परत सर्वे. दोन-तीन वर्षं धरा. आपल्या यादीतलं नाव दुरुस्त करायचं तर ठराव मांडणारीचा जबाब आणि सरपंचाचं पत्र पुरे. ते आलं की ह्या महिन्याच्या बैठकीत पूल ठेवता येईल."

दोन-तीन वर्षं! पारुबाईने बोटांवर मोजलं. तिसरी, चौथी, पाचवी. तिसऱ्या बोटाशी ती थांबली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने लपवलंही नाही, पदराने पुसून टाकलं. "सरपंचाचं पत्र उद्या आणते. माझा जबाब आत्ताच लिवा."

निता मॅडमने लिहिलं आणि वाचून दाखवलं. "हिरासिंग नाईक तांडा या नावाची कोणतीही वस्ती अस्तित्वात नाही. ठरावातील वस्ती म्हणजेच देविदास नाईक तांडा होय."

"कोणतीही न्हाई, असंच लिवावं लागतंय?"

"हो आजी. नाहीतर दोन तांडे तसेच राहतात."

"असू द्या मंग लिवलंय तसं. बराबर हाय." तिने पेन घेतलं.

"पूर्ण नाव लिहा. ठरावावर केली होती तशीच सही."

पारुबाई वाकली. जीभ ओठांत धरून, एकेक अक्षर कोरत तिने सही केली. निता मॅडमने कागद उचलला, खालचं नाव वाचलं आणि शिक्क्याकडे गेलेला तिचा हात थांबला. पारुबाई हिरासिंग राठोड.

"आजी... हे हिरासिंग तुमचे..."

"मालक माझे. सही त्यांनीच शिकवली. रोज संध्याकाळी, पाटीवर." पारुबाईने रिकामं फडकं झटकून काखेत मारलं. "मारा शिक्का, बाई. पाचची एसटी जाईल."