पळणारी की न बुडणारी

“यातली पळते कोणती?” नानांनी विचारलं.

“आणि बुडत नाही कोणती?” अक्कांनी विचारलं.

भाऊ-बहीण धुळ्याहून एकाच फियाटमधून आले होते, पण वाटेत एकमत झालेलं दिसत नव्हतं. समोर धरणाच्या काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन जुन्या शिडाच्या बोटी ठेवल्या होत्या. त्यांतली एक घ्यायची होती. कोणती, ते मी सांगायचं होतं.

मी मूळचा नशिराबादचा. मुंबईच्या गोदीत बोटींचा सर्व्हेअर होतो, निवृत्त होऊन जळगावात आलो. सर्व्हेअर म्हणजे बोट विकत घेण्याआधी ती तपासून रिपोर्ट देणारा. गावात मी “बोटींचा डॉक्टर” अशी ओळख करून दिली, तर एका आबांनी विचारलं, “आणि पेशंट कुठंय?” ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पेशंट सापडले. काही हौशी डॉक्टर-इंजिनियरांनी धरणावर छोटा सेलिंग क्लब काढला होता. त्याचे सेक्रेटरी चौधरी या दोन बोटी विकायला निघाले होते.

नाना धुळ्याच्या कोर्टातले नावाजलेले वकील. पत्नी गेल्यावर त्यांनी वकिली सोडली, मग फिरायला जाणं सोडलं, मग जवळजवळ बोलणंही. अक्का त्यांची थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. यावलचं घर बंद करून त्या भावाकडे राहायला आल्या. एके दिवशी नाना आपणहून म्हणाले, “कॉलेजात असताना मुंबईला मी शिडाची बोट चालवायचो.” अक्कांनी लगेच चौकशा करून हा क्लब हुडकला.

मी कामाला लागलो. सर्व्हेअरचं मुख्य हत्यार छोटी हातोडी. निरोगी लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं ओल्या पुठ्ठ्यासारखं भद्द. पहिली बोट शर्यतीची. लाकडी, हलकी, अंगानं सडपातळ. बोट वाऱ्यानं आडवी सरकू नये म्हणून तिच्या पोटातून खाली एक फळी सोडतात, तिला सेंटरबोर्ड म्हणतात. हवा तेव्हा तो वर ओढता येतो. दुसरी बोट फायबरची, निवांत फिरायची. जड, रुंद, आत छोटी केबिन. तिच्या तळाला कायमचं लोखंडी वजन असतं, ती कील. कील असली की बोट सहसा उलटत नाही.

नाना पहिलीभोवती फिरत होते. अक्का दुसरीच्या केबिनमध्ये बसून पाहत होत्या.

“इथे स्टोव्ह ठेवता येईल,” आतून आवाज आला.

“शर्यतीत स्टोव्ह?”

“शर्यत कुणाशी लावणार? बगळ्यांशी?”

नाना शिडाकडे निघून गेल्यावर अक्का खाली उतरल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “भाऊ, कोणतीही सुचवा. फक्त ‘दोन्ही नको’ असं लिहू नका. तो पुन्हा खुर्चीत जाऊन बसेल.”

असं काही आमच्या नियमांत बसत नाही. माझं मत तर झालंच होतं. फायबरच्या बोटीची तब्येत उत्तम. हलकीची एक वरची फळी भद्द वाजत होती, आणि साठी ओलांडलेल्या माणसाला एवढी चपळ बोट मी देणार नव्हतो. “आधी दोन्ही चालवून पाहू,” मी म्हणालो. असं म्हटलं की निर्णय पुढे ढकलता येतो. वकिलांना ही युक्ती नवी नव्हती.

सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातली. हलक्या बोटीत नाना आणि चौधरी, फायबरच्या बोटीत अक्का आणि मी. मी अक्कांना कीलचे गुण सांगत होतो. “ही म्हणजे बैलगाडी. उलटायची नाही.” तेवढ्यात बोट थांबली. शिडात वारा भरलेला, आणि बोट जागच्या जागी. चौधरींनी मला सांगितलेली पाण्याची खोली पावसाळ्यातली होती. उन्हाळा लागला होता, पाणी उतरलं होतं आणि कील गाळात रुतली होती.

अक्का एरवी शाळेत शोभेल असं मराठी बोलत, पण रंगात आल्या की अहिराणीवर येत. “बैलगाडी फसनी ना भाऊ,” त्या म्हणाल्या.

सेंटरबोर्ड वर ओढून नाना आमच्याभोवती चक्कर मारू लागले. “काय अक्का, स्टोव्ह पेटवला का?” ते खदखदा हसत होते. दुसऱ्या चकरेला जोराची झुळूक आली आणि त्यांची बोट एका अंगावर कलली. अशा वेळी दोघांनी वरच्या काठावर बसून तोल धरायचा असतो. नाना आम्हाला हात हलवून दाखवण्यात गुंतले होते. बोट आडवी झाली.

चौधरींचं डोकं लगेच वर आलं. नानांचं आलं नाही. पाण्यावर शीड पसरलं होतं आणि ते त्याच्याखाली होते. मी दोर हातात घेतो तोवर शेजारी धप्पकन आवाज झाला. अक्का पाण्यात उतरल्या होत्या. “बापू! बापू रे!” अशा नानांना लहानपणच्या नावानं हाका मारत, साडीनिशी गाळ तुडवत त्या गेल्या आणि त्यांनी शिडाची कड उचलली. खालून नाना निघाले, खोकत, डोक्यावर शेवाळ घेऊन. उभे राहिले तर पाणी छातीइतकंच.

“मन्हा जीव गया व्हता ना रे!” अक्कांचा आवाज फुटला.

नानांनी डोक्यावरचं शेवाळ काढलं. मग म्हणाले, “पण पळते की नाही?”

अक्का आधी रडल्या, मग हसल्या. आडव्या बोटीला धरून दोघं बराच वेळ हसत होते. मी एकटा कोरडा, उत्तम तब्येतीच्या बोटीत, रुतलेला. मला सोडवायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

काठावर चहा घेताना मी मत दिलं. फायबरची बोट निरोगी, पण या पाण्यात निरुपयोगी. हलकी इथे चालेल, फळी बदला, शीड लहान करा. “पण नानांचं वय बघता...”

“मी असेन ना सोबत,” अक्का साडी पिळत म्हणाल्या. “वरच्या काठावर बसायला कुणीतरी वजनदार माणूस लागतोच की.”

नानांनी घाईघाईनं चहाचा कप तोंडाला लावला. वकिलाचा अनुभव दांडगा असतो.

हिवाळ्यात क्लबच्या शर्यतीत ही जोडी उतरली आणि शेवटून पहिली आली. पुढच्या बोटीनं वळण चुकवलं, अशी नानांनी हरकत घेतली आणि ओल्या कपड्यांत उभं राहून लांबलचक युक्तिवाद केला. हरकत फेटाळली गेली. अक्का एखादा खटला जिंकल्यासारख्या बघत होत्या.

तेव्हापासून मी बोट तपासण्याआधी दोन गोष्टी विचारतो. पाणी किती खोल आहे, आणि बोट कशासाठी हवी आहे. दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर गिऱ्हाईक सहसा देत नाही. त्याची बहीण देते.