घोडीच्या डोक्याचं माप

बुधवार, १४ फेब्रुवारी २०२४, धानोरा. सकाळी धुकं. नळाला पाणी उशिरा. दहा वाजता लच्छू मैनेला घेऊन दारात. नवा लगामही बसत नाही. कानामागची जखम पुन्हा उघडली. हळद लावली.

लच्छू माझा शेजारी, पन्नाशीचा. मैना ही त्याची पांढरी घोडी, ती तो लग्नाच्या वरातींना नेतो. नवरदेव वर बसला की लच्छू तिच्या कानाशी सारखा काहीतरी बोलत चालतो. काय बोलतोस, असं एकदा विचारलं तर म्हणाला, "घरचंच बाई. भाजी कोनती, पाहुना कोन आला, असंच."

मैनेचं डोकं मात्र जगावेगळं. कपाळ बैलासारखं रुंद, तोंड पुढे एकदम निमुळतं. तयार लगाम कपाळाला बसला तर तोंडावर लोंबतो, तोंडाला बसला तर कानामागे कापतो. मागच्या महिन्यात भर वरातीत तिने मान झटकली आणि नवरदेव फेट्यासकट घसरला. बँडवाल्या कुलदीपने लच्छूला बजावलं होतं, "भाऊ, शुक्रवारी हिनं पुन्हा नखरा केला तर मी दुसरी घोडी पाहतो." वराती कुलदीपच देतो. त्या गेल्या की मैना विकणं आलं. लच्छू तो शब्दच उच्चारत नव्हता.

नवा लगाम नागपूरहून मापाने बनवून आणला होता आणि माप माझं होतं. शिवणाची टेप घेऊन मी कपाळ, गाल, नाक सगळं मोजलं, वहीत लिहिलं, दोनदा तपासलं. तरी घट्ट झाला. चूक कुठे झाली ते कळेना, म्हणून मला जास्तच लागलं.

दुपारी इसरूभाऊ आले. जवळच्या जंगलगावात ते अंबाडीचे दोर वळतात आणि बैलांच्या तोंडावर बांधायच्या मोरक्याही करतात. माझा विहिरीचा दोर द्यायला आले होते. मैनेकडे पाहत म्हणाले, "काय गा लच्छू, घोडी हाय का गोऱ्हा?"

"हसा तुमी. इथी माह्या जिवाले घोर लागला."

"माप कोनं घेतलं?"

"मी," मी म्हटलं.

"तवा हे काय करत होती?"

"काही नाही. अगदी शांत उभी होती."

इसरूभाऊ हसले. "मंग चुकलंच बाई. उभ्या जनावराचं माप मी कधी घेत नाई. दात आवळून उभं राहते ते. खाऊन राह्यलं का मंग खरं डोस्कं दिसते."

मी भिजवलेले हरभरे आणले. मैना चावू लागली आणि मी पाहतच राहिले. कानाखाली, डोळ्यामागे, कपाळाच्या कडेला सगळं हलत होतं, फुगत होतं. इसरूभाऊंनी सुतळी फिरवून जागोजागी गाठी मारल्या. मग पडवीत बसून अंबाडीची सपाट वेणी वळली, कानामागे जुन्या सुती लुगड्याची घडी शिवली. तोंडातली लोखंडी कडी तेवढी नव्या लगामाची काढून त्या वेणीला जोडली. ऊन कलेपर्यंत काम चाललं. मग हा अंबाडीचा लगाम मैनेला चढवला.

"आता वरातीवानी वाजवा काई," इसरूभाऊ म्हणाले.

ढोल कुठला? मी पितळी परात आणि उलथनं आणलं आणि मैनेच्या कानाशी बडवलं. लच्छू ओरडला, "अजून जोरात, बाई!" मी सत्तरीची बाई, अंगणात उभी राहून परात बडवते आहे. मैनेने एकदा कान हलवला आणि हरभरे चावत राहिली. लच्छू तिच्या मानेवर डोकं टेकून उभा राहिला, बराच वेळ.

शुक्रवारी वरात आमच्याच दारावरून गेली. डीजेने खिडक्यांची तावदानं थरथरत होती. मैना सरळ चालत होती, वर नवरदेव ताठ. अंबाडीच्या लगामावर लच्छूच्या बायकोने लाल कापड गुंडाळलं होतं. कुलदीप मागून ओरडला, "लच्छूभाऊ, बावीस तारखेले मोकळे ठेवा!" लच्छू घोडीशी बोलत होता.

त्या संध्याकाळी वहीत लिहिलं: परातीला तीन पोचे. खाली ठेवली की डुगडुगते. कणीक ताटात मळली.